बरणीतली संध्याकाळ

माझ्या धाकट्या दिरांना नाटकमंडळीत सगळे काजवा म्हणत. मी त्यांना भावजी म्हणायची, अजूनही म्हणते. हे नाव कुणी ठेवलं ठाऊक नाही, पण ज्यानं ठेवलं त्याची नजर चांगली होती. माणूस हडकुळा, सावळा आणि सदा अंधारात. नाटक चालू असताना विंगेच्या कोपऱ्यातून त्यांच्या बॅटरीचा ठिपका लुकलुकायचा, तेवढाच त्यांचा पत्ता.

मी लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा भावजी शाळा सोडून एका वायरमनच्या हाताखाली शिकत होते. घरातली एकही वस्तू त्यांच्या तावडीतून सुटत नसे. पंखा उघडा, रेडिओ उघडा, सासूबाईंची इस्त्री उघडी. उघडायला कुणी सांगावं लागत नसे. बंद करायला मात्र सगळं घर मागे लागायचं. सासूबाई म्हणायच्या, "ह्याला पाळण्यातून काढला तेव्हाच ह्यानं पाळण्याचे खिळे मोजले असतील."

पुढे ते गावातल्या नाटकाच्या हॉलवर पंखे आणि बल्ब बदलायला लागले. मंडळी चालवायचे मास्तर. नाटक बसवायचं, नटांवर ओरडायचं, पडदा फाटला की शिवून घ्यायचा, सगळं मास्तरांकडे. त्या वेळी रंगमंचावर दिवे म्हणजे एक बटण. खट् केलं की दिवस, खट् केलं की रात्र. मधली संध्याकाळ कुणालाच करता येत नव्हती. नाटकातली माणसं बिचारी उन्हात जेवायला बसायची आणि घास तोंडात असतानाच मध्यरात्र व्हायची.

भावजींच्या मनानं घेतलं की संध्याकाळ करायची. एकदा दुपारी ते स्वयंपाकघरात येऊन माझ्या मोठ्या बरणीकडे टक लावून बसले. चिनी मातीची, पिवळट झिलईची, गुडघ्याएवढी बरणी. माझ्या आईनं दिलेली.

"वहिनी, ही रिकामी आहे का?"

"तांदूळ आहेत त्यात."

"रिकामी कधी होईल?"

"खाऊन संपले की."

"मग आज जरा जास्त लावा ना."

तांदूळ डब्यात गेले आणि बरणी हॉलवर गेली. तिच्यामागोमाग माझं मीठही गेलं. मी ह्यांच्याकडे तक्रार केली तर हे पेपरातून डोकंही वर न काढता म्हणाले, "बरणीच नेलीय ना, तुला तर नाही नेलं."

आता ती बरणी काय करायची ते सांगते. कुणी घरी करून बघायचं नाही हे आधीच सांगून ठेवते. त्या काळीही ते जिवाशी खेळणंच होतं, आणि आता त्याची गरजही उरलेली नाही. बरणीत मिठाचं पाणी. तळाशी शिशाची एक पट्टी, वरून कप्पीवरच्या दोरीला टांगलेली दुसरी. वीज एका पट्टीवरून पाण्यातून दुसऱ्या पट्टीकडे जायची आणि तिथून पुढे दिव्यांकडे. पट्ट्या जवळ असल्या की वाट सोपी, दिवे लख्ख. दोरी ओढून वरची पट्टी उचलत गेलं की पाण्यातली वाट लांब होते, विजेची अडवणूक वाढते आणि दिवे मंदावतात. कुणी चुकून हात लावू नये म्हणून भावजींनी बरणीला जाडजूड गोणपाट गुंडाळलं, वर लाकडी झाकण बसवलं आणि तांबड्या रंगानं लिहिलं, "हात लावाल तर वर जाल." त्याखाली कुणीतरी खडूनं लिहिलं होतं, "आधी काजवा."

बरणीशेजारी एका फळीवर दोन मीटर ठोकलेले. घड्याळासारखे, फक्त प्रत्येकाला एकच काटा. मी एकदा डबा घेऊन गेले तर मला उभं करून शिकवायला लागले.

"हा काटा व्होल्टचा. बरणीत वीज किती जोरानं ढकलतेय ते सांगतो. हा अँपिअरचा. किती वाहतेय ते सांगतो. व्होल्टला अँपिअरनं भागलं की मधे अडवणूक किती ते कळतं. पुस्तकात तिला रोध म्हणतात आणि ती ओहममध्ये मोजतात. आणि गुणलं की तिथं विजेचं किती काम होतंय ते कळतं. ते वॅट."

माझी शाळा पाढ्यांशी सुरू झाली आणि पाढ्यांशीच संपली. पण पाढे मात्र माझे पक्के. मी म्हटलं, "भावजी, मला समजेल असं सांगा. नाटकाच्या दारावर गर्दी लोटते, ते तुमचे व्होल्ट. आत जेवढे सुटतात, ते अँपिअर. आणि दारात तो ढेरपोट्या दारवान उभा असतो, ती अडवणूक."

"अगदी बरोबर."

"आणि गुणाकार?"

"गुणाकार म्हणजे..." त्यांनी डोकं खाजवलं. "म्हणजे त्या रेटारेटीत दारवानाला किती घाम फुटतो ते."

"मग त्याला पंखा द्या."

"दारवानाला कोण विचारतंय, वहिनी. आत किती जण गेले ते महत्त्वाचं." आणि आम्ही दोघंही हसलो. हे वाक्य लक्षात ठेवा.

त्या दिवसापासून मी त्यांची हिशेबनीस झाले. मी शेंगा सोलत बसलेली असले की ते येऊन विचारायचे, "एकशे पासष्ट भागिले पाच?" मी म्हणायची, "तेहेतीस." ते हातावर लिहून घ्यायचे. सासूबाई विचारायच्या, "तेहेतीस काय?" मी सांगायची, "ओहम." त्या म्हणायच्या, "असतील बाई, ह्या घरात काहीही असेल."

मंडळीत कपडेपट सांभाळायला एक मुलगी होती. शिवण तिचं, इस्त्री तिची, बटणं तिची. तोंडात कायम चार-पाच टाचण्या धरून बोलायची, म्हणून तिचं नाव पडलं टाचणी. भावजींच्या दोरीला रंगीत धागे तिनंच बांधून दिले होते. दोरी किती ओढायची ते अंधारात कळावं म्हणून ह्या खुणा. पिवळ्या धाग्यापर्यंत ओढली की दुपार कलते, नारिंगीवर ऊन पिवळं पडतं, तांबड्यावर सूर्य टेकतो, निळ्यावर कातरवेळ. धागे पक्के बसलेत ना हे बघायला ती दिवसातून बऱ्याचदा यायची. धागे पक्केच असायचे.

मास्तरांनी नवं नाटक बसवलं ते ह्या संध्याकाळसाठीच. शेवटच्या प्रवेशात एक म्हातारा बाप खिडकीशी बसून लेकीची वाट बघतो. लेक येत नाही. तो बोलत काहीच नाही. नुसती संध्याकाळ होत जाते, अगदी सावकाश, आणि पार अंधारून आलं की तो उठून स्वतःच कंदील लावतो. पडदा. सगळा प्रवेश नटानं बसायचं आणि भावजींनी दोरी ओढायची. तालमी रोज एकदा व्हायच्या आणि रोज तालमीला बसलेली चार माणसं डोळे पुसायची. मास्तर कुणाची पाठ थोपटणाऱ्यांतले नव्हते, पण एकदा बरणीवरची धूळ त्यांनी स्वतःच्या रुमालानं पुसली.

पहिल्या दिवशी दोन खेळ लागले, एक दुपारी, एक संध्याकाळी. दुपारचा खेळ तालमीसारखाच झाला. संध्याकाळच्या खेळाला मी सासूबाईंना घेऊन गेले. पुढून तिसऱ्या रांगेत बसलो.

शेवटचा प्रवेश आला. म्हातारा खिडकीशी बसला. ऊन कललं, पण मनापासून नाही. सूर्य टेकायच्या वेळी खिडकीत अजून चांगलं ऊन होतं. कातरवेळेला तर कपडे वाळत घालावेत इतका उजेड. नटाला कळेना काय करावं. संगीत संपलं, कंदील लावायची वेळ झाली, तो बिचारा उठला आणि त्यानं भर उन्हात कंदील लावला. त्या शांततेत आमच्या सासूबाई अगदी सहज म्हणाल्या, "अगं, एवढा उजेड असताना कंदील कशाला?"

मागची रांग फुटली. मग त्याच्या मागची. सबंध हॉल हसत सुटला. म्हातारा कंदील धरून उभा, आणि मग अचानक, भावजींनी घाबरून दोरी जास्तच ओढल्यानं पट्टी पाण्याबाहेर आली असावी, एकदम काळोख. संध्याकाळ जणू जिन्यावरून पाय घसरून पडली.

आम्ही विंगेत गेलो तेव्हा मास्तर भावजींसमोर उभे होते. ओरडत नव्हते. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"काजव्या, आयुष्यात मी ह्या एका प्रवेशासाठी नाटक बसवलं. त्यात लोक हसले."

"मास्तर, दोरी तिथंच होती. निळ्या धाग्यावरच..."

"धागा मला सांगू नको. उद्याही दोन खेळ आहेत. उद्या दुसऱ्या खेळाला त्या जागी कुणी हसलं, तर बरणी घरी आणि बरणीबरोबर तूही. मी आपला पूर्वीसारखं बटण दाबीन."

भावजी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. ते परत वायरमनकडे गेले असते तर उपाशी राहिले नसते, हे खरं. पण संध्याकाळ करता येणारा माणूस परत लोकांच्या घंट्या दुरुस्त करत फिरला असता तर आतून विझलाच असता. ते त्यांनाही माहीत होतं आणि आम्हालाही.

सकाळी उठले ते थेट माझ्यासमोर येऊन उभे.

"वहिनी, मीठ बदललंत का?"

"कुठलं मीठ?"

"बरणीतलं. मधे चार मुठी दिल्या होत्या तुम्ही."

"एकाच पोत्यातलं मीठ आहे. तुम्ही त्यातलंच खाता. तुम्हाला काही झालंय का?"

"तुझ्या मिठाला नाव ठेवतोय?" सासूबाई आतून म्हणाल्या. "त्याला म्हणावं, काल मी बोलले म्हणून लोक हसले, मीठ काही बोललं नाही."

भावजी तसेच हॉलवर गेले, मोजून परत आले आणि जेवायला बसले. पण घास हातातच.

"निळ्या धाग्यावर दोरी ठेवली. एकशे पासष्ट व्होल्ट, पाच अँपिअर."

"तेहेतीस," मी म्हटलं.

"तेहेतीसच. तालमीतही तेहेतीसच होतं. मीठ तेच, पाणी तेवढंच, दिवे तेच, हॉलचा सप्लाय ठीक. सकाळी बरणी खरं बोलते आणि संध्याकाळी खोटं."

"माणसंही तशीच असतात," आमचे हे म्हणाले. भावजींना हसू आलं नाही.

मला राहवेना. डबा पोचवायचं निमित्त करून मी त्यांच्याबरोबरच हॉलवर गेले आणि विंगेतल्या एका ट्रंकेवर बसून राहिले. दुपारचा खेळ मी तिथूनच पाहिला. संध्याकाळ कशी सुरेख उतरली म्हणून सांगू. दोरी सरकत गेली, एकेक धागा गेला, कंदील लागला, कुणाच्या तरी नाक शिंकरण्याचा आवाज आला. भावजींच्या चेहऱ्यावर मात्र सुतक. आता दुसरा खेळ.

लोक बाहेर गेले, पडदा पाडला. भावजींनी दोरी परत निळ्या धाग्यावर आणली, दिवे लावले आणि बॅटरी मीटरवर धरली.

"वहिनी, एकशे चव्वेचाळीस भागिले सहा."

"चोवीस."

"परत करा."

"कितीदाही करा, चोवीसच राहणार."

त्यांनी स्विच बंद केला आणि झाकण उचलून आत पाहिलं. पाणी होतं तेवढंच, पट्टी होती तिथंच. "सकाळी तेहेतीस, आता चोवीस. नऊ ओहम गेले कुठे?" असं म्हणून ते खरोखरच आजूबाजूला जमिनीवर बघायला लागले.

तेवढ्यात टाचणी आली. येऊन पहिल्यांदा स्विचकडे बघितलं, तो बंद आहे अशी खात्री केली आणि हातातला ओला सदरा बरणीच्या गोणपाटावर पसरला. नाटकात तो म्हातारा मधे पावसात भिजून येतो, म्हणून प्रत्येक खेळाला सदरा भिजतो.

"अहो, ते काय करताय?" भावजी म्हणाले. "तिथं लिहिलंय ते वाचता येत नाही का?"

"वाचता येतं. खालचं खडूनं लिहिलेलं मीच लिहिलंय." टाचण्यांमधून बोलत ती म्हणाली. "स्विच बंद आहे. कालही इथंच टाकला होता. पुढच्या खेळापर्यंत खडखडीत वाळतो, वर इस्त्रीही लागत नाही."

"इथं वाळतो? सावलीत?"

"मग, तुमची बरणी उबदार असते ना. दुपारचा खेळ झाला की शेगडीजवळ बसल्यासारखं वाटतं."

भावजींनी गोणपाटाखाली हात घातला. मग मान हलवली. "गरम आहे खरी. पण गरम होऊन उलटं व्हायला हवं होतं. तार तापली की तिची अडवणूक वाढते. बरणी तापली तर अडवणूक वाढून दिवे मंद झाले असते. इथं तर दिवे जास्त लागतायत."

"ते तारेचं झालं," टाचणी म्हणाली. "पाण्याला विचारलंत का?"

मला एकदम तो ढेरपोट्या आठवला. मी म्हटलं, "भावजी, दारवानाला किती घाम फुटत असेल हो?"

त्यांची बॅटरी माझ्याकडून मीटरकडे वळली. मग अगदी हळू म्हणाले, "एकशे पासष्ट गुणिले पाच."

"आठशे पंचवीस," मी म्हटलं.

"आठशे पंचवीस वॅट." ते टाचणीकडे वळले. "तुमच्या इस्त्रीवर किती लिहिलंय?"

"साडेसातशे."

मग भावजी खाली बसले आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवून हसायला लागले. "म्हणजे रोज शेवटच्या प्रवेशभर मी वहिनींच्या बरणीत एक इस्त्री बुडवून ठेवतोय. चांगली मोठी. वर गार होऊ नये म्हणून गोणपाट गुंडाळलंय. दिव्यांचा गुणाकार केला, फ्यूजचा केला, सगळ्या जगाचा केला. बरणीचा नुसता भागाकारच करत बसलो."

तालमी रोज एकदाच व्हायच्या. बरणी रात्रभरात गार व्हायची. एका दिवशी दुसऱ्यांदा तिला कुणी कामाला लावलंच नव्हतं.

"पण पाणी तापून वाट सोपी होते हे अजून ठरायचंय," असं म्हणून त्यांनी कपडेपटातलं धुण्याचं मोठं घमेलं आणलं. स्विच बंद करून बरणी त्यात उभी केली, गोणपाट सोडलं, टाचणीनं नळाखालून बादल्या आणून घमेल्यात ओतल्या. थोडा वेळ जाऊ दिला, घमेल्यातलं कोमट पाणी काढून गार पाणी घातलं, मग सगळ्यांना लांब उभं केलं आणि स्विच लावला. अँपिअरचा काटा सहाच्या खाली आला होता. परत पाणी बदललं, परत बघितलं, काटा आणखी खाली. भावजी मोजत होते आणि मी भागत होते. सव्वीस. सत्तावीस. अठ्ठावीस.

"आली ठिकाणावर," भावजी म्हणाले. "तार तापली की हट्टी होते, खारं पाणी तापलं की मऊ पडतं. बघा, वहिनी, किती साधी गोष्ट."

"साधी होती तर काल रात्री सांगायची होतीत," मी म्हटलं.

पण अठ्ठावीसवर येईपर्यंत दारं उघडली, लोक आत यायला लागले. घमेलं हलवावं लागलं. तेहेतीस काही गाठता आले नाहीत, आणि खेळ सुरू झाला की बरणी परत तापणारच. म्हणजे धागे आजही खोटं बोलणार, कालच्यापेक्षा थोडं कमी, एवढंच. हसायला थोडं खोटंही पुरतं.

भावजी म्हणाले, "धाग्यांना विसरायला हवं. उजेड दोरीवर नाही, अँपिअरच्या काट्यावर आहे. दुपार कलते ती नवावर, ऊन पिवळं पडतं ते आठावर, सूर्य टेकतो साडेसहावर, कातरवेळ पाचावर. बरणी गार असो की गरम, काटा पाचावर आला की दिवे तेवढेच." मग त्यांचा चेहरा पडला. "पण दोरी ओढताना मला रंगमंचाकडे बघावं लागतं. नट मान कधी वळवतो ते बघूनच हात चालतो. मीटर पाठीमागे. दोन डोळे दोन दिशांना कसे लावू?"

"मी वाचते," टाचणी म्हणाली.

"तुम्हाला जमेल? काटा थरथरतो. हळू आवाजात, पण मला ऐकू येईल असं..."

तिनं तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि ओढणीला खोचल्या. त्या मुलीचं तोंड टाचण्यांशिवाय मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. भावजींनीही बहुधा पहिल्यांदाच. ते पुढचं वाक्य विसरले.

खेळ सुरू झाला. मी परत माझ्या ट्रंकेवर. समोरच्या विंगेत मास्तर हाताची घडी घालून उभे. सासूबाई प्रेक्षकांत होत्या. त्यांना घरी थांबा म्हणून सांगितलं होतं, पण "माझ्या मुलाचं काय ते मी बघणार" म्हणून ह्यांना घेऊन आल्या आणि परत तिसऱ्या रांगेत बसल्या.

शेवटचा प्रवेश. म्हातारा खिडकीशी बसला. भावजी दोरी धरून त्याच्याकडे बघत उभे, त्यांच्या पाठीला पाठ लावल्यासारखी टाचणी, हातातली बॅटरी ओढणीत गुंडाळलेली, मीटरवर उजेडाचा नुसता धागा.

"दहा," ती पुटपुटली. "साडेनऊ. नऊ."

दुपार कलली.

"नऊ. नऊ. नऊला अडलाय."

भावजींनी दोरी बोटभर ओढली.

"आठ."

भिंतीवरचं ऊन पिवळं पडलं. मी दोरीकडे पाहिलं तर नारिंगी धागा कधीच कप्पीपलीकडे गेला होता. बरणी परत तापायला लागली होती, आणि भावजी तिच्यापुढे पुढे चालले होते. टाचणीचा आवाज अगदी सपाट होता, जणू कुणाची मापं घेतेय. सात. पावणेसात. साडेसहा. नटानं खिडकीवर हात ठेवला आणि त्या हाताची सावली हळूहळू भिंतीत मुरली.

"सहा... वर चाललाय. सव्वासहा."

"हं."

"सहा. साडेपाच. सव्वापाच." आणि मग, श्वास सोडल्यासारखं, "पाच."

खिडकी निळी झाली. म्हाताऱ्याचा चेहरा दिसत नव्हता, नुसती मान दिसत होती, आणि ती मान बघूनच कळत होतं की लेक आता येत नाही. हॉलमध्ये कुणी खुर्चीसुद्धा हलवली नाही. तो उठला, चाचपडला, त्यानं काडी ओढली, कंदील लावला.

आणि त्या शांततेत तिसऱ्या रांगेतून आमच्या सासूबाईंचा आवाज आला, "हां, आता लागतो कंदील."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी एकदोघं. पडदा पडला.

टाळ्या झाल्या. पुष्कळ झाल्या. पण भावजी दोरी धरून तसेच उभे. मास्तर रंगमंच ओलांडून आले. भावजींसमोर थांबले, बरणीकडे पाहिलं, ओढणीतल्या बॅटरीकडे पाहिलं.

"कुणीतरी हसलं, काजव्या."

"हो, मास्तर."

"तुझ्या संध्याकाळला नाही हसलं. तुझ्या आईला हसलं." त्यांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. "ते मी धरत नाही. बरणी राहू दे. फक्त पुढच्या खेळाला आईला मागच्या रांगेत बसव."

जाता जाता ते टाचणीला म्हणाले, "तुझा आवाज चांगला लागतो गं. टाचण्या काढून बोलत जा."

दुसऱ्या दिवशीपासून दोन खेळांच्या दिवशी दोन बरण्या ठेवायचं ठरलं, एक कामावर आणि एक सुट्टीवर. दुसरी बरणी कुणाच्या घरून आली ते मी विचारलं नाही, फक्त माझी नव्हे ना एवढं पाहिलं. तरीसुद्धा काटा वाचायला टाचणी लागायचीच. बरणी गार असली तरी लागायची. मी एकदा भावजींना म्हटलं, "आता धागे खरं बोलतात ना, मग ती कशाला?" ते म्हणाले, "खात्री केलेली बरी, वहिनी."

पुढे टाचणी माझी जाऊ झाली. ह्याचं नवल वाटलं ते एकट्या भावजींना.

आता हॉलवर सगळं नवं आहे. काचेच्या खोलीत एक पोरगी बसते आणि बोटानं संध्याकाळ करते. भावजी निवृत्त झाले त्या दिवशी तिनं त्यांना ते यंत्र चालवून दाखवलं. घरी येऊन म्हणाले, "छान आहे. घाम फुटत नाही कुणाला." जुना मीटर मात्र मागून आणला. माझी बरणी मागायची त्यांना आठवण झाली नाही. मी आठवण करून दिली तेव्हा म्हणाले, "तिच्यावर तांबड्या अक्षरात लिहिलंय, वहिनी, त्यात तांदूळ कसे ठेवाल?" नवी आणून दिली आहे, पण तिचं झाकण नीट बसत नाही, आणि हे मी त्यांना दर भेटीला सांगते.

मी त्यांच्याकडे राहायला गेले की संध्याकाळी आम्ही तिघं गच्चीत बसतो. भावजींची नजर आता अधू झालीय, पण आकाशाकडे तोंड करून बसतात आणि नावं ठेवतात. "आज फार घाई केली. साडेसहावर थोडं थांबायला हवं होतं."

धाकटी जाऊ मटार सोलत असते. वर न बघता ती म्हणते, "सहा झाले."

मग थोड्या वेळानं, "साडेपाच."

मी मधेच काहीतरी बोलायला जाते तर दोघंही मला हातानं गप्प करतात. आणि मग ती शेवटचा दाणा ताटात टाकते, "पाच," आणि भावजी उठून भिंत चाचपत दिवा लावायला जातात.